बूस्टर आणि बाबांचे कान

माझ्या भावाने कॉल दिला नाही, असं त्या कागदावर छापलं होतं. एकदा नव्हे, चारदा. तीन जुन्या तारखा, अचानक झालेल्या तपासणीच्या, आणि चौथी परवाच्या अपघाताची. खाली लिहिलं होतं की बोट चालवायचं लायसन्स कायमचं रद्द का करू नये, याचा खुलासा चालकाने सोमवारी सकाळी अकरा वाजता समक्ष येऊन करावा.

तो कागद मी माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात उभ्या उभ्या वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ काउंटरच्या पलीकडे उभा होता.

"दिला होतास ना कॉल?"

"दिला."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मग तसं ठणकावून सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं."

हे 'सांगितलं' तो तिथे कसं म्हणाला असेल ते मला माहीत आहे. चहात साखर पुरे का विचारल्यावर माणूस 'पुरे' म्हणतो, तसं. लहानपणी त्याला कुणी मारलं की तो गुपचूप घरी येऊन मला सांगायचा आणि मी जाऊन त्या पोराच्या आईशी भांडायची. आमच्या घरातलं सगळं तोंड माझ्या वाट्याला आलं, त्याच्यासाठी उरलंच नाही. गल्लीत मला तोफ म्हणतात. अर्थात माझ्या पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची टाप नाही.

भाऊ खाडीवर फेरीबोट चालवतो. या काठावरून त्या काठावर, दिवसाला सात खेपा. बारा वर्षांत त्याच्या बोटीला ओरखडा नाही. परवा भर खाडीत तिचं सुकाणू अडकायला लागलं. अशा वेळी वायरलेसवर जेट्टीला कळवायचं असा नियम आहे, म्हणजे तिथली माणसं पायऱ्या रिकाम्या करतात, दोर घेऊन तयार राहतात. भावाने कळवलं. उत्तर नाही. पुन्हा कळवलं. तरी नाही. पाण्याला ओढ होती, मध्येच थांबून राहणं त्याच्या हातात नव्हतं. बोट जेट्टीवर आपटली, पायऱ्यांवर उभी असलेली एक बाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. आणि जेट्टीचं ऑफिस म्हणतं, आम्हाला काही ऐकू आलं नाही, आमच्या रेकॉर्डिंगवर काही नाही, म्हणजे याने कॉल दिलाच नाही! चोराच्या उलट्या बोंबा. वायरलेसवर बसणारा कारकून चहा प्यायला गेला असेल, आणि आता सगळे मिळून त्याला झाकत असतील, अशी माझी खात्रीच झाली.

"थांब," मी म्हटलं. "बाबांच्या डायरीत असेल. वेळेसकट असेल. ती त्यांच्या तोंडावर फेकते."

भाऊ काहीतरी म्हणायला गेला. पण तोवर गिऱ्हाईक आलं, आणि खरं सांगायचं तर मी थांबलेही नाही.

डायरीचं असं आहे. आमच्या बाबांनी तीस वर्षं तीच दोन नंबरची बोट चालवली. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं जग म्हणजे पलंग, खुर्ची आणि मध्ये चार पावलं. त्यांच्या उशाशी एक स्कॅनर आहे. वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा छोटा सेट. त्यावर बोलता येत नाही, नुसतं ऐकायचं. एरियल गच्चीवर, वायर खिडकीतून आत. भाऊ पलीकडून निघाला की म्हणायचा, "जेट्टी, दोन नंबर बोट, पलीकडून निघालो." बाबा घड्याळ बघायचे आणि डायरीत वेळ लिहायचे. सात खेपा, सात ओळी. मी त्यांना चिडवायची, "बाबा, रिटायर झालात, पगार बंद झाला, हजेरी कसली घेताय?"

मग काठावर एक उंच इमारत उभी राहिली. बाबांच्या खिडकीतून खाडी दिसायची बंद झाली आणि पलीकडच्या बोटींचे आवाजही क्षीण झाले. बाबा म्हणाले, "बघ गं जरा, एरियल थोडी वर घेता येते का." एरियल वर घ्यायची म्हणजे गच्चीवर शिडी, नवा पाइप, तारांचे ताण, अख्खा रविवार गेला. मी वीस वर्षं लोकांच्या टीव्हीवरची मुंग्यांची वारुळं साफ करतेय. चित्र कमजोर तर बूस्टर लावायचा, हे मला झोपेतही येतं. दुकानातून टीव्हीचा एक बूस्टर आणला, एरियलची वायर त्यात घातली, त्यातून दुसरी स्कॅनरला. लाल दिवा लागला. स्कॅनरवरचे सिग्नलचे दांडे एकदम भरून आले. "घ्या बाबा, आता खाडीतले मासे बोलले तरी ऐकू येतील." पाच मिनिटांचं काम.

आणि ऐकूही आलं, आठवडाभर. मग बाबा म्हणायला लागले, आवाज नीट येत नाही. मी येता-जाता बघितलं. लाल दिवा आहे, दांडे भरलेले आहेत. "बाबा, मशीन ठणठणीत आहे. तुमचे कान तपासून घ्या." उचलली जीभ लावली टाळ्याला.  त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या वयाच्या माणसाला कान गेले म्हटलं तर तो वाद कशाच्या जोरावर घालणार?

रविवारी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्या खोलीत गेले आणि डायरी उघडली. अपघाताच्या तारखेवर एकच ओळ होती. 'ऐकू आलं नाही. कान.'

मी पान मागे उलटलं. 'ऐकू आलं नाही. कान.' त्याच्या मागे तेच. कुठे जेट्टीचं एखादं वाक्य टिपलेलं, कारण जेट्टी आमच्या घराच्या जवळ, तिचा आवाज तेवढा पोचायचा. पण दोन नंबर बोट कुठेच नाही. मी मोजली. एकेचाळीस पानं.

"बाबा, हे काय? इतके दिवस ऐकू येत नव्हतं तर सांगायचं नाही का?" मी ओरडलेच.

"सांगितलं होतं," बाबा म्हणाले.

अगदी भावासारखं. मला इतका राग आला की मी तिथेच जमिनीवर बसले आणि स्कॅनर सुरू करून कान लावला. नीट, पहिल्यांदाच. बूस्टर लावल्यापासून मी त्यावर दोन मिनिटंसुद्धा सलग ऐकलं नव्हतं. सरसर आवाज, आणि त्या सरसरीखाली गाणं. चक्क गाणं! मग गाद्यांची जाहिरात, एक बाई पाठदुखी गेल्याच्या आनंदात किंचाळत होती. चार नंबर बोटीची खेप झाली असणार त्या वेळात, पण माणसाचा आवाज म्हणून नाही.

मी बूस्टर काढून बाजूला ठेवला आणि एरियलची वायर सरळ स्कॅनरला लावली. सिग्नलचे दांडे पडले. एकच उरला. गाणं गेलं, सरसर गेली, आणि दहा मिनिटांनी बारीक पण स्वच्छ आवाज आला. "जेट्टी, चार नंबर बोट, पलीकडून निघालो."

मी खिडकीबाहेर बघितलं. त्या उंच इमारतीच्या डोक्यावर एफएम रेडिओचा नवाकोरा टॉवर उभा होता. कधीपासून होता कोण जाणे. टीव्हीच्या बूस्टरला निवड नसते. एरियलमधून येईल ते सगळं तो फुगवतो. दोनशे पावलांवरून टॉवर त्याच्या तोंडात ओरडत होता, त्यातच त्याचा गळा भरला, आणि खाडीपलीकडची बारीक हाक त्या गोंगाटात बुडाली. ते भरलेले दांडे सिग्नलचे नव्हतेच, कचऱ्याचे होते. दुकानात शिकाऊ कुणी असं करून आला असता तर मी त्याला उभा जाळला असता.

"आला की आवाज," बाबा खुर्चीत पुढे झुकून म्हणाले. "म्हणजे माझे कान बरे आहेत?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "वायर सैल झाली होती, बाबा." झाकली मूठ सव्वा लाखाची. ते हसले. एकेचाळीस दिवसांनी कान परत मिळालेला माणूस कसा हसतो ते मी बघितलं आणि खोलीबाहेर आले.

सोमवारी अकराला आम्ही दोघं ऑफिसात. लांब टेबल, भिंतीवर खाडीचा नकाशा, छताला एक कुरकुरणारा पंखा. टेबलामागे साहेब, बाजूला कंट्रोल रूमचा कारकून. साहेबांनी फाइल उघडली.

"तुम्ही कोण?" त्यांनी मला विचारलं.

"बहीण. मोठी."

"खुलासा चालकाने करायचा आहे."

"त्याचा खुलासा मीच करते. लहानपणापासून करतेय."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मग भावाकडे. "बरं, मला एक सांगा. आपले बाकीचे चालक मोबाइलवर फोन करून कळवतात. वायरलेसवर हल्ली गडबड असते हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही फोन का नाही केलात?"

"नियमात फोन कुठे आहे?" मी म्हटलं. "नियम पाळला हा गुन्हा झाला का? आणि गडबड आहे हे सगळ्यांना माहीत होतं तर ती काढायची कुणी, त्या मनगट मोडलेल्या बाईने?"

भावाने तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

"रेकॉर्डिंग ऐकवा," मी म्हटलं. "पुसलं नसलं तर."

कारकुनाचं तोंड लाल झालं. "ताई, मी जागेवरच होतो. मला खरंच काही ऐकू आलं नाही." त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

सरसर. नुसती सरसर. आणि तिच्याखाली गाणं. मग गाद्यांची जाहिरात आणि ती पाठदुखी गेलेली बाई.

मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की साहेबांचं पेन खाली पडलं. "तुमच्या एरियलला टीव्हीचा बूस्टर लावलाय! कुणी लावला? कोण तो अक्कलशून्य माणूस, त्याला बोलवा आधी! अहो, हा सेट बहिरा झालाय. ऐकायच्या सेटवरच रेकॉर्डिंग होतं ना? मग तेही बहिरं. माझा भाऊ ओरडून मेला असता तरी तुम्हाला गाद्याच ऐकू आल्या असत्या. आणि वर लिहिता, कॉल दिला नाही! एकदा नाही, चारदा!"

साहेब तसे शांत माणूस. त्यांनी ऑफिसचा वायरमन बोलावला. तो दारात आला, मला बघितलं आणि तिथेच थबकला. खोटं कशाला बोलू, त्याने तोंड उघडायच्या आधीच मला आठवलं होतं.

"कंट्रोल रूमच्या एरियलला बूस्टर आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आहे. ती इमारत झाली, पलीकडचं ऐकू येईना, म्हणून लावला." तो माझ्याकडे बघत होता. "ताईंच्याच दुकानातून नेला. मी विचारलंही होतं, हा टीव्हीचा आहे, वायरलेसला चालेल का. ताई म्हणाल्या, ताकद वाढवून कुणाचं वाईट झालंय, मी माझ्या बाबांच्या सेटलाही हाच लावलाय."

पंखा कुरकुरत होता.  आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावली होती.

"हे खरं आहे का?" साहेबांनी मला विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "हेच शब्द. तो अक्कलशून्य माणूस मी. याला काही म्हणू नका, याने विचारलं होतं." पुढे मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. ऑफिसबद्दल, टॉवरबद्दल, एक महिना गाणी ऐकून आवाज बारीक करून बसलेल्या कारकुनाबद्दल. पण मी खुर्चीत बसले.

माझा आवाज थांबल्यावर साहेब भावाकडे वळले. तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, हळू. "फोन का नाही केलात?"

भावाने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"सुकाणू एका हाताने आवरत नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "माइक समोरच असतो, बटण दाबून बोलता येतं. फोन खिशातून काढायला हात मोकळा नव्हता." तो थांबला. मला वाटलं, झालं त्याचं बोलून. "पण एरवीही मी फोन करत नाही. फोन केला तर एकट्या कारकुनाला ऐकू जातं. वायरलेसवर बोललं की घरी बाबांनाही जातं. त्यांना आता खाडी दिसत नाही. सात वेळा माझा आवाज आला की त्यांचा दिवस नीट जातो. जेट्टीकडून उत्तर येत नव्हतं महिनाभर, ते कळत होतं मला. म्हटलं, बाबांना तरी ऐकू जात असेल."

एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तो एकेचाळीस दिवस, रोज सात वेळा, बाबांशी बोलत होता. इकडे बाबा रोज स्वतःचे कान गेले म्हणून लिहीत होते. आणि दोघांच्या मध्ये मी लाल दिवा लावून ठेवला होता.

बाकीचं सगळं साध्या पद्धतीने झालं. साहेबांनी पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या तीन नंबर बोटीला फोन करून वायरलेसवर बोलायला सांगितलं. काही आलं नाही, गाणं आलं. वायरमन गच्चीवर गेला, बूस्टर काढून खाली आला. तीन नंबर पुन्हा बोलली. आवाज बारीक होता, शब्द न् शब्द कळत होता. साहेबांनी ते रेकॉर्डिंग दोनदा वाजवून घेतलं. सुकाणू उघडून बघायचा हुकूम झाला, चारही शेरे मागे घेतले गेले, आणि 'बेजबाबदार विक्री व सल्ला' असं काहीतरी माझ्याबद्दल लिहून माझी सही घेतली. मी केली. वाचलंही नाही.

बाहेर आल्यावर मी भावाला म्हटलं, "शनिवारी दुकानात तू हेच सांगायला गेला होतास ना? की गाणी येतात म्हणून?"

"हो. जेट्टीवर ऐकलं होतं मी गाणं."

"मग बोलला का नाहीस?"

तो जेट्टीकडे चालू लागला. त्याचं उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

तीन दिवसांनी सुकाणू दुरुस्त होऊन त्याची बोट पाण्यात उतरली. त्या सकाळी मी दुकान उघडलंच नाही. शिडी लावून गच्चीवर चढले, आठ फुटांचा नवा पाइप टाकला, एरियल वर घेतली, तारांचे ताण दिले. पहिल्या दिवशी करायचं काम. खाली आले तेव्हा हात सोलले होते. बाबा खुर्चीत डायरी घेऊन बसले होते.

साडेनऊला आवाज आला. "जेट्टी, दोन नंबर बोट, पलीकडून निघालो."

आणि लगेच, "दोन नंबर, ऐकलं. या."

बाबांनी घड्याळ बघून वेळ लिहिली. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "बाबा, वायर सैल नव्हती. बूस्टर मी चुकीचा लावला होता. तुमचे कान चांगले होते. मी खोटं बोलले."

मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे पोरी.  त्यांनी डायरीची पानं मागे उलटली, अगदी पहिल्या दिवसापर्यंत, 'कान' हा शब्द पेनाने खोडला आणि डायरी माझ्यापुढे धरली.

"इथे खरं काय होतं ते लिही."

मी लिहिलं, 'बूस्टर.'

बाबांनी वाचलं. "तो आपला आपण येऊन बसला का इथे?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून लहानपणानंतर ऐकला नव्हता. "मी तुला तीनदा म्हणालो होतो."

मी 'बूस्टर' खोडलं.  मग लिहिलं, 'मुलीने ऐकलं नाही.'

बाबांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. एकेचाळीस पानं होती. त्यांनी एकही सोडू दिलं नाही.